माउस बदलण्याआधी टेबल बघा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"माउस मधेच अडकतो", "कर्सर उड्या मारतो", "डावीकडे नेला की वर जातो" अशा तक्रारी घेऊन येणारे बरेचसे माउस आमच्या काउंटरवर ठेवले की मुकाट चालू लागतात. मग ग्राहक आमच्याकडे जरा संशयाने बघतात. खरे कारण असे, की आमच्या काउंटरवर कापडी पॅड आहे आणि त्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर काच आहे. काही जण तर आधीच पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बाजारातून नवा माउस घेऊन मोकळे झालेले असतात आणि टेबलावर ठेवल्याबरोबर तोही "बिघडलेला" निघतो. म्हणून हे पत्रक. याने आमची माउसची विक्री थोडी कमी होईल, हे आम्हाला ठाऊक आहे.

आधी एवढे करा

माउसखाली झेरॉक्सचा एक कोरा पांढरा कागद ठेवा, कोपरे चिकटपट्टीने दाबा आणि थोडा वेळ नेहमीचे काम करा. कर्सर नीट चालला तर माउस ठीक आहे, खालचा पृष्ठभाग त्याला मानवत नाही. कागदावरही तीच रड असेल तर मधला मजकूर सोडून शेवटून दुसरा भाग वाचा.

कागदच का, तर तो डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला तरी जवळून पाहता तंतूंचे जाळे असतो. माउसला नेमके तेच हवे असते. ॲजिलंट ही कंपनी माउसचे सेन्सर बनवत असे. तिच्या तांत्रिक पत्रकांतही चाचणीच्या पृष्ठभागांत पांढरा कागद, मनिला कागद (फायलींचा पिवळसर जाड कागद) आणि फॉर्मायका (सनमायकासारखाच पत्रा) होते. तेव्हा हा उपाय दुकानदारी जुगाड समजू नका.

माउस खाली काय बघतो

ऑप्टिकल माउसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. साध्या माउसमध्ये त्याचे चित्र १८ गुणिले १८, म्हणजे अवघ्या ३२४ ठिपक्यांचे. त्यात टेबलाचा जेमतेम एक मिलिमीटरचा चौकोन मावतो. असे सुमारे १५०० फोटो तो दर सेकंदाला काढतो आणि प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर सरकवून बघतो : तीच खूण आता कुठे गेली? खूण जितकी सरकली तितका कर्सर सरकतो. माउस सेकंदाला १२ इंच वेगाने फिरवला तरी दोन फोटोंच्या मध्ये तो फक्त ०.२ मिलिमीटर पुढे जातो, म्हणून दोन्ही फोटोंत बराचसा भाग सामाईक राहतो. गेमिंगच्या महाग माउसमध्ये ठिपके जास्त आणि फोटो सेकंदाला हजारोंनी जास्त. तत्त्व मात्र हेच.

आता या खुणा येतात कुठून? टेबलावरच्या बारीक उंचवट्यांच्या सावल्यांतून. माउसमधला एलईडी प्रकाश सरळ खाली न टाकता मुद्दाम तिरपा टाकतो. संध्याकाळी सणस मैदानावर ऊन कलले की बारीक खड्यांच्याही लांब सावल्या पडतात, तसेच इथे होते. सावल्या भरपूर आणि वेगवेगळ्या असल्या की सेन्सर खूश. सावल्याच नसल्या की प्रत्येक फोटो आधीच्यासारखा दिसतो आणि सेन्सर समजतो की माउस जागचा हललाच नाही.

यात आणखी एक अट आहे, ती उंचीची. भिंग आणि टेबल यांच्यातले अंतर सुमारे २.४ मिलिमीटर धरून माउसची रचना केलेली असते आणि त्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकाच फरक चालतो. पृष्ठभाग त्यापेक्षा खाली गेला की चित्र धूसर होते. ही अट लक्षात ठेवा, काचेच्या टेबलाचे सगळे रहस्य तिच्यात आहे.

जाता जाता : १९८०च्या दशकातल्या काही ऑप्टिकल माउसला आखीव रेघांचे खास धातूचे पॅडच लागायचे. पॅड हरवले की माउस निरुपयोगी, पॅड तिरके ठेवले की कर्सरही तिरका. कुठल्याही टेबलावर चालणारा ऑप्टिकल माउस लोकांच्या हाती आला तो १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस एक्सप्लोररबरोबर. "कुठल्याही" हा शब्द तेव्हापासून जरा सैलपणेच वापरला जातो.

काचेचे टेबल

पेठांमधली जुनी ऑफिसे, वकिलांच्या खोल्या, सोसायट्यांची कार्यालये, बँकांचे काउंटर, सगळीकडे टेबलावर काच असते. तिच्याखाली हिरवे कापड, दिनदर्शिका, फोन नंबरांची यादी, एखाद्या देवाचा फोटो. ग्राहक म्हणतात, "खाली एवढे छापील कागद आहेत, माउसला दिसत नाहीत का?" नाही दिसत. काच ५ मिलिमीटरची असली तर कागद भिंगापासून सातसाडेसात मिलिमीटर दूर गेला, म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने धुक्यात गेला. आणि जिथे त्याची नजर नीट पोचते त्या काचेच्या वरच्या बाजूला बघण्यासारखे काहीच नाही. तिरपा आलेला प्रकाश तिच्यावरून तसाच पलीकडे परावर्तित होतो किंवा आरपार जातो.

तरीही "दुपारनंतर चालतो, सकाळी चालत नाही" अशी तक्रार अधूनमधून येते आणि ती खोटी नसते. सकाळी मावशींनी काच लख्ख पुसलेली असते. दिवसभरात तिच्यावर धूळ बसते, हाताचे ठसे उमटतात आणि माउसला पकडायला काहीतरी मिळते. काच पुसू नका असा सल्ला आम्ही देणार नाही. पॅड ठेवा.

काचेवर चालणारे माउस आहेत. माउस बनवणाऱ्या लॉजिटेक कंपनीने २००९ मध्ये डार्कफील्ड नावाचे तंत्र आणले. ते धुळीचे कण आणि न दिसणारे ओरखडेच टिपते, मात्र काच निदान ४ मिलिमीटर जाड लागते. ऑफिसात एकच काचेचे टेबल असेल आणि साहेबांना त्यावर पॅड दिसलेले खपत नसेल, तर असा माउस घ्यावा. पंधरा टेबलांसाठी पंधरा पॅड कितीतरी स्वस्त पडतात. खरखरीत, म्हणजे फ्रॉस्टेड काच असेल तर खरखरीत बाजू वर आहे ना ते बोट फिरवून बघा. वर असेल तर साधा माउसही बहुधा चालतो.

सनमायका, ग्रॅनाइट आणि इतर मंडळी

नवे फर्निचर करायला काढलेल्यांनी हा भाग वाचावाच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सनमायकाचे कॅटलॉग चाळताना रंग आणि डिझाइन बघितले जाते, फिनिश शेवटी. माउसच्या दृष्टीने फिनिश पहिले. मॅट किंवा स्वेड, म्हणजे चमक नसलेल्या फिनिशवर बहुतेक माउस पॅडशिवाय चालतात. हाय ग्लॉसवर अडचण येते, आणि चकचकीत काळा किंवा चकचकीत पांढरा एकरंगी सनमायका सर्वांत त्रासदायक. काळ्यावर सेन्सरला अंधार दिसतो, पांढऱ्यावर सगळे सारखेच उजळ दिसते. चकचकीत ॲक्रिलिक लावलेल्या टेबलांचीही हीच गत. दुकानातून सनमायकाचा नमुन्याचा तुकडा मिळतो, तो घरी आणून त्यावर माउस फिरवून बघा. सुताराला आगाऊ रक्कम देण्याआधी.

लाकडाच्या रेषा छापलेला मॅट सनमायका बहुधा चांगला. जुन्या सागवानी टेबलाचे पॉलिश थोडे उडाले असेल तर माउससाठी ते उत्तमच. दवाखान्यांच्या रिसेप्शनवरचा काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट म्हणजे जवळजवळ काळी काच. काही माउस त्यावर चालतात, काही हटून बसतात.

रंगाचे थोडेसे. लाल एलईडीला गडद निळा आणि गडद हिरवा रंग काळसर दिसतो, लाल रंग उजळ. एकाच पॅडवर दोन्ही असतील तर सीमेवर कर्सर किंचित बिचकू शकतो. अंधाऱ्या पृष्ठभागावर एलईडीला जास्त वेळ पेटावे लागते, त्यामुळे बॅटरीवरच्या माउसची बॅटरीही लवकर संपते. मासिकाच्या पानावर किंवा चकचकीत छापील फोटोवर माउस चालवू नका. छपाईचे ठिपके एकसारख्या अंतराने असतात, त्यामुळे आपण एक ठिपका पुढे गेलो की दोन, हे सेन्सरला कळत नाही. लग्नात वाटलेले, वर प्लॅस्टिकचा चकचकीत थर असलेले जोडप्याच्या फोटोचे पॅड याच कारणासाठी भिंतीवर लावलेले बरे.

हॉस्टेलवर पलंगावर बसून काम करणाऱ्यांनो, चादरीत दोष नाही, गादीत आहे. माउस रुततो, उंची बदलते. खाली परीक्षेचे लिहायचे पॅड घ्या, त्याची खरखरीत बाजू वर ठेवून.

"लेझर घेतला की प्रश्न मिटला" हाही एक समज. लॉजिटेकचा लेझर माउस (एलईडीऐवजी लेझर किरण टाकणारा) २००४ मध्ये आला तेव्हापासून हा समज आहे. लेझर चकचकीत पृष्ठभागावर एलईडीपेक्षा चांगला चालतो, हे खरे. पण मऊ कापडी पॅडवर काही लेझर माउस हात हळू किंवा जलद फिरवला तर वेगवेगळे अंतर मोजतात. ऑटोकॅड (संगणकावरचे आराखडे) आणि डीटीपी (छापायच्या पानांची मांडणी) करणाऱ्यांना हे लगेच जाणवते. त्यांना आम्ही चांगला एलईडी माउस आणि घट्ट विणीचे कापडी पॅड सुचवतो, आणि त्यातले फारसे कोणी परत तक्रार घेऊन येत नाही.

पॅड टिकवण्याबद्दल

कापडी पॅड मळले की मनगटाखालचा भाग गुळगुळीत आणि चिकट होतो. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, हलका हात. पिळू नका, गॅलरीत कडक उन्हात टाकू नका, खालचे रबर कडक होऊन चिरते. पुण्याच्या पावसाळ्यात ते सावलीत वाळायला दोन दिवस सहज लागतात, त्यामुळे शनिवारी धुवा. ओलसर पॅडवर माउस जड चालतो आणि रबराला बुरशीचा वास येतो.

कठीण प्लॅस्टिकचे पॅड पुसायला सोपे, पण माउसच्या खालचे टेफ्लॉनचे पाय लवकर झिजतात. पाय झिजले की उंचीही बदलते.

पृष्ठभाग ठीक असूनही माउस नीट चालत नसेल तर

माउस उलटा करून भिंगाच्या खाचेत बघा. एखादा केस अडकलेला असला तरी कर्सर थरथरतो. फुंकर मारा किंवा कोरड्या कापूसकाडीने काढा, स्पिरिट ओतू नका. खाली लाल दिवा दिसत नाही म्हणून माउस मेला असे नाही, अनेक माउसमध्ये डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड एलईडी असतो. काही मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो फिकट जांभळट दिसतो.

वायरलेस माउस झटके देत असेल तर त्याचा रिसीव्हर कुठे खोचला आहे ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी, विशेषतः तिथे बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना, २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरला गोंगाट ऐकू येतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने माउसजवळ आणा. कर्सरचा वेग एकसारखा वाटत नसेल तर विंडोजच्या माउस सेटिंगमधले "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" बंद करून बघा. हाताच्या वेगाप्रमाणे ते कर्सर कमीजास्त पळवते, पॅडचा त्यात काही दोष नाही.

दुकानात येताना

माउस आणताना सोबत टेबलाचा जवळून काढलेला फोटो आणा, खिडकीचा उजेड टेबलावर पडलेला असताना. चकाकी किती आहे ते आम्हाला त्यावरून कळते. पॅड मापात कापून हवे असेल तर कीबोर्डच्या उजवीकडे किती जागा उरते ते मोजून या. डावखुऱ्यांनी डावीकडची मोजावी. कापलेले पॅड परत घेतले जात नाही.