डॅम्पिंग शीट वेगळी, फोम वेगळा: पिकअपच्या बॉनेटला नेमकं काय लावायचं?

पिकअपच्या बॉनेटखालचा आवाज कमी करायचा म्हटलं की कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: चंदेरी कागदाची काळी चिकट शीट, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गाडीवाला पैसे मोजतो, बॉनेट चार-पाच किलोनं जड होतं आणि मार्केट यार्डाला गुळाचे रवे घेऊन निघालं की इंजिनाची टरटर तशीच कानावर येते. मग ‘शीट डुप्लिकेट निघाली’ असं म्हणून जास्त महागाची आणतात. शीट बहुतेक वेळा चांगलीच असते, फक्त ते काम तिचं नसतं.

ही चंदेरी शीट म्हणजे डॅम्पिंग शीट, ती सगळ्यांना माहीत आहे. गाडीत चांगले स्पीकर बसवताना दाराच्या पत्र्याला लावतात तीच. बुटाइल रबराचा साधारण दोन मिलिमीटरचा थर आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. गाडीचा पत्रा थरथरला की रबर त्या दोन पत्र्यांच्या मध्ये ताणलं जातं आणि थरथरीची ताकद उष्णतेत जिरते. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एसजी आयर्न आणि ग्रे आयर्न हे बिडाचे दोन प्रकार; एसजीचं कास्टिंग टांगून हातोडी मारली तर खणखणतं, ग्रे आयर्नचं त्यामानानं बद्द वाजतं, कारण ग्रे आयर्नमधल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्या कंप आतच मारतात. शीट पत्र्याला तसं ‘बद्द’ करते. दारात स्पीकर पत्र्यालाच हादरवतो, म्हणून तिथं तिचा फरक लगेच कळतो. दारांपुरतं तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

घोळ होतो तो बॉनेटवर आल्यावर. बॉनेटखालून येणारा आवाज बराचसा बॉनेटचा नसतोच. तो इंजिनाचा असतो: इंजेक्टरची टकटक, डिझेल पेटतानाचा कडकडाट, टॅपेट, टर्बोची शिट्टी. हा आवाज हवेतून येतो, पत्र्याला आपटून परत खाली जातो, इंजिनावरून पुन्हा वर येतो आणि असा घुमत घुमत चाकांच्या बाजूनं, खालून, फटींतून बाहेर पडतो. पत्र्याला कितीही बद्द केलं तरी हवेतल्या आवाजासाठी तो भिंतच राहतो. त्यात शीटचा ॲल्युमिनियमचा पत्रा गुळगुळीत आणि कडक, म्हणजे परतवायला आणखी सोयीचा. हवेतला आवाज गिळायला हवा आत शिरेल असंच काहीतरी लागतं: उघड्या छिद्रांचा फोम, नाहीतर दाबलेल्या तंतूंचा जाड फेल्ट. हवेचे कण त्या बारीक छिद्रांत घासतात आणि आवाज तिथं विरतो. बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटला कंपनीतूनच जी काळी गादी क्लिपांनी लावलेली असते, ती याच कामाची. माल वाहायच्या पिकअपला ती बऱ्याचदा नसते.

आपल्या गाडीत दुखणं कुठलं आहे ते ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. बॉनेट बंद करा, गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि दोन्ही तळवे बॉनेटच्या मधोमध घट्ट दाबून धरा. दाबल्यावर आवाज बदलला, एखादी भणभण थांबली, तर तेवढा पत्रा वाजतोय. तिथं शीट हवी. काहीच बदललं नाही तर शीटचे पैसे वाचवा आणि फोम आणा. पत्रा वाजत असला तरी सगळा झाकायचं कारण नाही. आतल्या पट्ट्यांच्या मधले मोकळे चौकोन असतात, त्यांच्या मध्यभागी पाव ते अर्धा भाग झाकला की जवळजवळ सगळा फायदा मिळतो. कडेपासून कडेपर्यंत शीट लावणं हा नुसता वजनाचा कारभार आहे, आणि बॉनेटची दांडी न् बिजागऱ्या ते वजन रोज उचलतात.

आता फोमकडून काय मागायचं तेही नीट समजून घ्यायला हवं. फोमची जाडी आवाजाच्या लहरीच्या लांबीशी बांधलेली असते. दर सेकंदाला ३००० कंपनांचा कडकडाट घेतला तर त्याची लहर साधारण ११ सेंटिमीटरची. तिच्यावर दोन सेंटिमीटरचा फोम चांगला चालतो, एक सेंटिमीटरचा थोडाफार. पण चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर उभं असतं तेव्हा त्याचा मूळ घुमघुमाट सेकंदाला २७ कंपनांच्या आसपास असतो आणि त्याची लहर बारा-तेरा मीटरची. ती कुठल्याच बॉनेटखाली मावणाऱ्या फोमला दाद देत नाही. फोमनं कर्कशपणा जातो, घुमघुमाट राहतो. दोन्ही जातील असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून काहीही घेऊ नका.

फोम म्हणून काय काय खपवतात त्याचा मला मनापासून राग येतो. एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा रबरी फोम उष्णता अडवायला उत्तम आणि पाणी धरत नाही हेही खरं, पण त्याची छिद्रं बंद असतात, हवा आत जातच नाही. तुकडा तोंडाला लावून फुंकून बघा. फुंकर पलीकडे गेली तर तो आवाज गिळणारा फोम, नाही गेली तर नाही. सोफ्याचा पिवळा फोम फुंकरीच्या परीक्षेत पास होतो, पण तो बॉनेटखाली लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. टर्बो आणि एक्झॉस्ट तिथून वीतभर अंतरावर असतात. आग न धरणारा, इंजिनखोलीसाठी बनवलेलाच घ्या. शीटच्या नावाखालीही असाच प्रकार चालतो. स्लॅबची गळती बंद करायची डांबरी पट्टी वरून चंदेरीच दिसते. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीनं तिचं डांबर मऊ पडतं, वास सुटतो आणि पट्टी लोंबायला लागते.

चंदेरी तोंडाच्या फोमबद्दल दोन शब्द. ते तोंड इंजिनाची धग परतवतं आणि बॉनेटचा रंग जपतं. पण तेच तोंड जाड असेल तर वरच्या पट्टीतला आवाजही परतवतं, म्हणजे आत फोम असून नसल्यासारखा. मी पातळ कापडी तोंडाचा फोमच पसंत करतो, आणि टर्बोच्या बरोबर वर तेवढा उष्णतारोधक तुकडा वेगळा.

केबिनमधला आवाज हा आणखी वेगळा विषय. तिथं आवाज येतो तो मुख्यतः इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यातून, वायरींच्या भोकांतून, पेडलच्या आणि गिअरच्या रबरांतून. दोन वाटांनी सारखाच आवाज येत असेल आणि त्यातली एक अगदी पूर्ण बंद केली, तरी एकूण आवाज ३ डेसिबलनंच उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. करूळ घाट भरल्या गाडीनं दुसऱ्या गिअरवर चढताना डोकं उठत असेल तर आधी ती फाटलेली रबरं बदला. त्याला बॉनेटच्या कामाच्या मानानं किरकोळ खर्च येतो.

बॉनेटचं काम करायचंच तर आधी इंजिन पूर्ण गार असताना त्यावरच्या सगळ्यात उंच भागांवर कणकेचे गोळे प्लास्टिकच्या कागदात ठेवून बॉनेट हळूच बंद करा. उघडल्यावर गोळा जितका जाड उरला, त्याहून फोम पातळच हवा. इंजिनाच्या फिरणाऱ्या बेल्टच्या आणि पंख्याच्या वरची जागा मोकळी सोडा. पत्रा आधी डिग्रीजरनं आणि मग स्पिरिटनं पुसायचा, शीट असेल तर रोलर जोर लावून फिरवायचा. फोम नुसत्या गोंदावर कधीच सोडू नका; बॉनेटच्या पट्ट्यांना भोकं असतातच, त्यांत प्लास्टिकच्या क्लिपा मारा. बॉनेटच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती मात्र शीटनंही नाही आणि फोमनंही नाही झाकायची. गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसात तिथं पाणी साचलं की पत्रा आतून सडतो आणि वरचा रंग फुगेपर्यंत कळत नाही. उसाच्या फडाजवळ गाडी रात्रभर उभी राहत असेल तर फेल्टऐवजी फोमच घ्या, कारण फेल्टचे तंतू उंदीर घरट्यासाठी ओढून नेतात. फोमही ते कुरतडतातच, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कडा बघत जा.