संगणक भाषाकुळाचं ‘नेमकं’ वय सांगतो का?

‘शब्द ठरावीक वेगाने बदलतात, म्हणून संगणक भाषाकुळाचं नेमकं वय काढतो’ असं फिरत असतं. (भाषाकुळ म्हणजे एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषा; त्याचं वय म्हणजे त्या वेगळ्या होऊ लागल्यापासूनचा काळ.) समज निराधार नव्हता: १९५०च्या दशकात हजार वर्षांत ‘हात’, ‘पाणी’, ‘दोन’ अशा मूलभूत शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के टिकतात, असं खरंच मांडलं गेलं होतं. पण आइसलँडिक आणि नॉर्वेजियन पाहा. दोघींची आई एकच, जुनी नॉर्स. हजारेक वर्षांत एकीने जुने शब्द जवळपास सगळे जपले, दुसरीने बरेच टाकले. मग घड्याळ कुणाचं धरायचं?

म्हणून आताच्या पद्धती वेग बदलता मानतात, लॅटिनसारख्या लेखी पुराव्याच्या तारखांशी ताळा घालतात आणि उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं देतात. मराठी, इंग्रजी ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय कुळासाठी कुणाचं उत्तर सुमारे साडेसहा हजार वर्षं, कुणाचं आठ हजारांवर. एकच आकडा दिसला, तर मूळ अभ्यासात तो पल्ला शोधा. बहुधा तिथे असतोच.