मानवी तस्करीचे कायदे इतकी वर्षं कुठे बघत होते?

मानवी तस्करी म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यासमोर गाडीत कोंबून पळवलेली मुलगीच येते. तसंही होतं, पण बऱ्याचदा माणूस आपल्या पायांनीच जातो, कारण ओळखीतल्याच कोणीतरी नोकरीचं सांगितलेलं असतं. कायद्याला हे कळायला फार वेळ लागला.

१८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ च्या कायद्याने बहुतेक वसाहतींमधली गुलामगिरीसुद्धा, ब्राझीलने मात्र १८८८ पर्यंत रेटलं. पण मळ्यांना मजूर लागतच होते ना, मग भारत आणि चीनमधून करारावर माणसं न्यायला लागले, कागदावर अंगठा घ्यायचा, काही वर्षं बांधून ठेवायचं आणि काम सोडून पळाला तर तुरुंग! म्हणजे साखळी गेली, कागद आला.

आता गंमत बघा, पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०४ चा, पॅरिसचा, आणि तो 'गोऱ्या गुलाम' स्त्रियांपुरता, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी परदेशात नेल्या जाणाऱ्या बायका-मुली. मळ्यावरचा मजूर त्यात कुठेच नाही. १९२१ ला राष्ट्रसंघाने (युनोच्या आधीची जागतिक संघटना) वंशाची भाषा काढली, मुलगेही घेतले. १९३० मध्ये आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) सक्तमजुरीविरोधी करार आला खरा, पण सरकारी कामांसाठी काही काळ पळवाट ठेवूनच, ज्याचा फायदा अर्थातच वसाहतवाल्यांना. आणि १९४९ चा युनोचा करार परत वेश्याव्यवसायावरच अडकला.

खरा बदल २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलने, म्हणजे युनोच्या मानवी तस्करीविरोधी कराराने झाला. त्यात तीन गोष्टी बघतात: काय केलं (भरती, ने-आण, ठेवून घेणं), कसं केलं (जबरदस्ती, फसवणूक, असहायतेचा फायदा) आणि कशासाठी (लैंगिक शोषण, सक्तमजुरी, अवयव काढणं वगैरे). १८ वर्षांखालचं मूल असेल तर 'कसं' सिद्ध करायची गरजच नाही, आणि फसवून मिळवलेल्या होकाराला काही किंमत नाही. सीमा ओलांडलीच पाहिजे असंही नाही, देशांचे स्वतःचे कायदे आपल्याच हद्दीतल्या तस्करीलाही लावता येतात.

कारणं विचाराल तर गरिबी, युद्ध, स्थलांतर हे सगळे सांगतात, पण माझ्या मते सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे कर्ज. एजंटची फी उधारीवर, पोचल्यावर पासपोर्ट मालकाकडे, राहण्या-खाण्याचे पैसे पगारातून कापायचे, मग ते कर्ज फिटणार कधी? आयएलओचा २०२१ चा अंदाज आहे की सक्तमजुरीत २ कोटी ७६ लाख लोक आहेत, त्यात लैंगिक शोषण सुमारे ६३ लाख, बाकीचे बहुतेक शेती, बांधकाम, कारखाने, घरकाम असल्या ठिकाणी. आयएलओच्याच २०१४ च्या प्रोटोकॉलमध्ये भरतीतल्या फसवणुकीपासून कामगाराला वाचवायची जबाबदारी सरकारांवर टाकली.

आणि आता कंबोडिया-म्यानमारमधले सायबर फ्रॉडचे अड्डे, तिथे तर डेटा एंट्रीची नोकरी म्हणून गेलेल्या पोरांना कोंडून त्यांच्याकडूनच लोकांना फसवून घेतात. सुटून आलेला पीडित की आरोपी? युरोप परिषदेच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारात अशांना शिक्षा न करण्याची तरतूद आहे, पालेर्मोमध्ये तसं थेट कलमच नाही.