सान मामेस : बिऱ्हाड न हलवता बांधलेलं नवं घर

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात बिल्बाओ नावाचं जुनं औद्योगिक शहर आहे. तिथल्या अ‍ॅथलेटिक क्लब या फुटबॉल संघाच्या खेळाडूंना ‘सिंह’ म्हणतात आणि त्यांच्या सान मामेस मैदानाला ‘कॅथेड्रल’. सिंहांची गोष्ट मैदानाहून कितीतरी जुनी आहे. तिसऱ्या शतकात मामेस नावाच्या ख्रिस्ती तरुणाला रोमन राजवटीने सिंहांपुढे टाकलं, पण सिंहांनी त्याला तोंडही लावलं नाही, अशी आख्यायिका सांगतात. या संताचं एक प्रार्थनास्थळ बिल्बाओत होतं. त्याच्या शेजारी १९१३ साली मैदान तयार झालं आणि संताचं नाव मैदानाला कायमचं चिकटलं.

२१ ऑगस्ट १९१३ ला पहिला सामना झाला तो रेसिंग दे इरून या संघाशी. पहिला गोल केला पिचिचीने. त्याचं खरं नाव राफाएल मोरेनो. अंगकाठी लहानखुरी आणि डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल, ही त्याची ओळख. १९२२ मध्ये तो आजाराने गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला आजही ‘पिचिची’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

१९२६ मध्ये क्लबने मैदानात त्याचा अर्धपुतळा बसवला. तेव्हापासूनचा रिवाज असा, की जो संघ सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला येईल, त्याचा कर्णधार आधी या पुतळ्यापुढे फुलं ठेवणार. तालेवार युरोपीय क्लबही त्यातून सुटत नाहीत. यजमानांच्या दैवताला पाहुण्याने हात जोडावेत, हे मला तरी कुठल्याही स्वागतसमारंभापेक्षा छान वाटतं.

जुन्या मैदानाची खूण म्हणजे १९५३ मध्ये मुख्य स्टँडवर चढवलेली पांढरी कमान. ती शोभेसाठी नव्हती. छताला खांब दिले की मागच्या प्रेक्षकाला नेमका गोल दिसत नाही, म्हणून सगळं छत कमानीने तोलून धरलं होतं. १९८२ च्या विश्वचषकात इंग्लंडचे पहिल्या फेरीतले तिन्ही सामने इथेच झाले. फ्रान्सविरुद्ध ब्रायन रॉबसनने अवघ्या २७ सेकंदांत गोल मारला तोही इथलाच.

पुढे सुरक्षेसाठी उभ्याने बघायच्या जागा गेल्या, खुर्च्या आल्या आणि क्षमता ४० हजारांवर येऊन थांबली. जागा वाढवायची तर मैदान नव्याने बांधणं आलं. पुनर्विकास म्हटलं की आधी बिऱ्हाड हलवायचं आणि दोन-तीन वर्षं परक्या जागेत काढायची, हा नेहमीचा क्रम. अ‍ॅथलेटिकने तो टाळला. खेटूनच असलेल्या जुन्या प्रदर्शन मैदानाच्या जागेवर २०१० पासून तीन बाजूंचे स्टँड उभे राहू लागले, आणि शेजारी जुन्या मैदानात सामने चालूच होते. चौथ्या बाजूच्या आड मात्र जुनं मैदानच येत होतं.

२६ मे २०१३ ला तिथला शेवटचा अधिकृत सामना झाला आणि लेव्हान्तेने अ‍ॅथलेटिकला १-० ने हरवलं. शंभर वर्षांच्या घराला असा निरोप! मग पाडकाम सुरू झालं. १६ सप्टेंबरला नव्या सान मामेसवर सेल्टाविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा एक बाजू उघडीच होती. घरच्या संघाने ३-२ ने बाजी मारली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये चारही बाजू उभ्या असताना नापोलीला ३-१ ने हरवून संघ चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला.

आज इथे सुमारे ५३ हजार प्रेक्षक बसतात. आत क्लबचं संग्रहालय आहे, उपाहारगृह आहे आणि बड्यांसाठी वेगळे कक्षही. बाहेरच्या भिंतीवर पिळ दिलेल्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या आहेत. सामन्याच्या रात्री त्या आतून उजळतात आणि जवळच्या नेर्व्हिओन नदीपलीकडूनही नजरेत भरतात. वास्तुरचनेची बक्षिसं मिळाली, पण साधी गोष्ट चुकली होती. बिल्बाओत बारीक भुरभुर पाऊस नेहमीचाच, तिकडे त्याला सिरिमिरी म्हणतात. नव्या छताखाली पुढच्या रांगा भिजू लागल्या. अखेर २०१६ मध्ये छत आणखी पुढे वाढवावं लागलं.

मोठे सामने आता इथे येतात. महिला चॅम्पियन्स लीगचा २०२४ चा अंतिम सामना इथेच बार्सिलोनाने जिंकला. २०२५ ची युरोपा लीग फायनल तर घरच्याच मैदानावर होती, म्हणून फक्त बास्क खेळाडूंवर संघ बांधणाऱ्या या क्लबचे चाहते वर्षभर आस लावून होते. उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडने त्यांना सान मामेसवरच ३-० ने धुतलं. फायनलला मैदान भरलं ते दोन इंग्लिश संघांसाठी, आणि टॉटनहॅमने चषक नेला.

१९५३ ची ती कमान भंगारात गेली नाही. शहराबाहेर लेझामाला क्लबचं सराव केंद्र आहे, तिथे ती नेऊन उभी केली आहे. तिथल्या पोरांना सरावाला येता-जाता ती दिसते. त्यातल्या बहुतेकांनी जुनं मैदान पाहिलेलंही नाही.