थोडक्या पैशांतला नाताळ : कौटुंबिक चित्रपटाच्या परीक्षणाची पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा आला की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत, मग ती ख्रिस्ती असोत वा नसोत, रात्रीच्या जेवणानंतर ओटीटीवर नाताळचा एखादा इंग्रजी चित्रपट लागतो. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून पाहता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्यांतले बरेचसे चित्रपट अगदी बेताच्या खर्चात केलेले असतात आणि ते लपतही नाही. अशा चित्रपटाबद्दल मग दोन प्रकारचे निकाल ऐकू येतात. एक म्हणतो, स्वस्तातले काम आहे, त्यात पाहण्यासारखे काय असणार? दुसरा म्हणतो, सणाचा आणि मुलांसाठी केलेला चित्रपट आहे, त्याची चिकित्सा कशाला करायची? पहिला निकाल पैशाच्या कमतरतेलाच दोष ठरवतो, तर दुसरा तिचीच सबब पुढे करतो. हे दोन्ही निकाल फार जुने आहेत आणि दोन्ही अनेकदा खोटे ठरले आहेत, हे या चित्रप्रकाराचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

या प्रकाराचे मूळ शोधत गेले तर वाट चित्रपटापूर्वीच्या एका छोट्या पुस्तकापाशी जाते. चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. तरीही लेखकाच्या हाती अपेक्षेच्या मानाने फार थोडी रक्कम आली, कारण सोनेरी कडा, रंगीत चित्रे आणि उत्तम बांधणी यांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला होता आणि किंमत मात्र पाच शिलिंगच ठेवली होती. कंजूष म्हाताऱ्याचे एका रात्रीत होणारे मनःपरिवर्तन, गरीब कारकुनाचे कुटुंब, आजारी मूल आणि सणाच्या दिवशीचे जेवण हा साचा तिथे तयार झाला. आजचा कमी खर्चातला चित्रपट बहुतेक वेळा त्याच साच्यावर उभा असतो. म्हणून ‘गोष्ट ठराविक आहे’ ही तक्रार अपुरी वाटते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यान आधीच ठाऊक असते आणि तो बुवांनी ते कसे रंगवले ते पाहत असतो. साच्यातल्या चित्रपटाची पारखही त्याच जागी करावी लागते.

पडद्यावरचा नाताळ तर जन्मतःच अल्पखर्ची आहे. ब्रिटनमधील जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी १८९८ मध्ये ‘सांता क्लॉज’ नावाचा जेमतेम मिनिटभराचा मूकपट केला. मुलांची झोपायची खोली हा त्यातला एकमेव सेट. दिवा मालवला की पार्श्वभूमी काळी होते आणि त्या काळोखात एका गोल चौकटीत छपरावर आलेला सांता दिसतो. एकाच फितीवर दोनदा चित्रण करून साधलेली ही युक्ती आहे. खोलीतले आणि छपरावरचे प्रसंग एकाच वेळी दाखवण्याचा तो फार सुरुवातीचा प्रयत्न होता आणि त्यासाठी काळा पडदा व नेमकी मोजणी यांपलीकडे फारसे काही लागले नसावे. तीन वर्षांनी, १९०१ मध्ये, डिकन्सच्या कथेवरचा पहिला ज्ञात मूकपट आला. त्यातही भुते दाखवण्यासाठी हीच दुहेरी चित्रणाची रीत वापरली होती.

कोल्हापूरच्या वाचकाला ही हकिकत परकी वाटू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रसामग्री मिळणे अवघड असताना बाबूराव पेंटर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा घडवला, तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. माझ्या मते आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहूनही बोलका दाखला १९२५ च्या ‘सावकारी पाश’चा आहे. पौराणिक भव्यतेची सवय लागलेल्या प्रेक्षकांपुढे पेंटर यांनी जमीन गमावलेला शेतकरी, त्याची पडकी झोपडी आणि तिच्याजवळ केकाटणारे कुत्रे ठेवले. त्या दृश्याची आठवण जाणकार पुढे कित्येक वर्षे काढत राहिले, पण तिकीट खिडकीवर चित्रपटाला तसा प्रतिसाद मिळाला नाही. पेंटर यांची मात्र त्या विषयावरची श्रद्धा ढळली नाही आणि १९३६ मध्ये त्यांनी त्याचा बोलपटही केला. झोपडी दाखवायला राजवाड्याइतका पैसा लागत नाही, पण ती कुठून आणि किती वेळ दाखवायची हे कळण्यासाठी लागणारी नजर पैशाने विकत मिळत नाही. १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, तोवर कोल्हापूरच्या कारागिरांची एक पिढीच रंगवलेल्या पडद्यांतून आणि लाकडी चौकटींतून नगरे उभी करायला शिकली होती. अशा गावातल्या प्रेक्षकाने केवळ ‘स्वस्त’ म्हणून चित्रपट बाजूला सारावा, हे मला मनापासून खटकते.

परीक्षणाचे निकाल कसे उलटतात, याचा सर्वांत मोठा धडा फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ च्या चित्रपटाने दिला. हा स्वस्तातला चित्रपट नव्हता; त्यावर तीस लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. त्याचे चित्रीकरण उन्हाळ्याच्या उकाड्यात कॅलिफोर्नियात झाले आणि कथेला हवा होता बर्फ. त्याआधी स्टुडिओत बर्फ म्हणून पांढरे केलेले कॉर्नफ्लेक्स टाकत असत. ते पायाखाली इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काही चित्रपटांत तर ॲस्बेस्टॉसही वापरले गेले, ज्याचा धोका तेव्हा कोणी मनावर घेतला नव्हता. काप्रा यांना संवाद प्रत्यक्ष दृश्यातच ध्वनिमुद्रित करायचे होते. म्हणून तंत्रज्ञांनी आग विझवण्याच्या यंत्रातला फेस, साबण आणि पाणी यांचे मिश्रण पंख्यांनी उडवून आवाज न करणारा बर्फ बनवला आणि या पद्धतीला पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

इतके करूनही चित्रपटाला खर्च भरून काढता आला नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे चित्रपट परीक्षक बॉस्ली क्राउथर यांनी त्यातल्या अतिभावुकतेवर बोट ठेवले. ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पण त्यांतले एकही पुरस्कारापर्यंत पोहोचले नाही. नंतर जे झाले त्याचे कारण कलेत नव्हते, कागदपत्रांत होते. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये ते राहून गेले, त्यामुळे दूरचित्रवाणी केंद्रांना हा चित्रपट जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला आणि ती तो दर डिसेंबरात पुन्हापुन्हा दाखवू लागली. १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीत यांच्या हक्कांच्या आधारे ही मोकळीक थांबवण्यात आली, पण तोवर दोन दशके घरोघरच्या बैठकीत तो रुजला होता. एकट्याने अंधाऱ्या चित्रगृहात बसून जी भावुकता जास्त वाटली होती, तीच घरात, माणसांच्या गर्दीत, वर्षातून एकदा पाहताना पेलली गेली. क्राउथर यांचे निरीक्षण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. भावुकता तिथे आहेच. मात्र सणाचा चित्रपट पुन्हापुन्हा पाहिला जातो ही गोष्ट पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या परीक्षणाला दिसू शकत नाही, आणि वृत्तपत्रांनी चित्रपटांना तारे देण्याची जी पद्धत १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये सुरू झाली तिच्यात तर या गोष्टीला जागाच नाही.

खऱ्या अर्थाने अल्पखर्ची उदाहरण १९६५ चे आहे. ९ डिसेंबरला सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीवर ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा अर्ध्या तासाचा सचेतनपट (ॲनिमेशनपट) दाखवला गेला. वेळ थोडा होता, पैसाही थोडा होता आणि हालचाली काहीशा अडखळत्या होत्या. पात्रांना आवाज देणारी मुले खरीच लहान होती; काहींना वाचताही येत नसल्यामुळे त्यांच्याकडून एकेक ओळ म्हणवून घेतली गेली. संगीत जॅझचे होते, आणि प्रेक्षकांच्या नकली हसण्याचा त्या काळी हमखास लागणारा आवाज त्यात नव्हता. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी प्रसारणापूर्वी तो पाहिला तेव्हा त्यांना तो संथ आणि फसलेला वाटला. प्रत्यक्षात त्या रात्री चालू असलेल्या संचांपैकी जवळजवळ निम्म्या संचांवर तो पाहिला गेला आणि पुढे त्याला एमी व पीबडी हे दोन्ही पुरस्कार मिळाले. अधिकाऱ्यांनी जे दोष मोजले होते, ती मुलांची अडखळती वाणी आणि त्या मधल्या शांत जागा, तेच त्याचे बळ ठरले. कथाही अशा मुलाची आहे जो झगमगत्या ॲल्युमिनियमच्या झाडांमधून नेमके एक मरतुकडे खरे रोप उचलून आणतो. आशय आणि साधने एकाच पातळीवर असली की तुटपुंजेपणा खुपत नाही, हे इथे स्वच्छ दिसते.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९६४ मध्ये, आलेल्या ‘सांता क्लॉज कॉन्कर्स द मार्शन्स’ची गोष्ट याच्या उलट आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या विमानांच्या एका जुन्या शेडमध्ये तो चित्रित झाला. मंगळावरची माणसे म्हणजे चेहऱ्याला रंग फासलेले नट आणि ध्रुवीय अस्वल म्हणजे पोशाखातला माणूस. सर्वांत वाईट चित्रपटांच्या याद्यांत त्याचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आहे. तो पैशाअभावी फसला असे म्हणणे मला पटत नाही. तेवढ्याच पैशांत एका घराची गोष्ट सांगता आली असती. निर्मात्यांनी मंगळ, अंतराळयान आणि उत्तर ध्रुव निवडले. आपल्याजवळ काय आहे ते ओळखून कथा न निवडणे हा विचारातला दोष आहे आणि त्याबद्दल बोल लावणे हे परीक्षकाचे कामच आहे.

आज घराघरांत जे चित्रपट दिसतात त्यांची घडण यानंतरची आहे. अमेरिकेत हॉलमार्क चॅनेल २००१ मध्ये या नावाने सुरू झाले, २००९ पासून त्यावर दर हिवाळ्यात नाताळच्या चित्रपटांची सलग मालिका चालू झाली आणि २०१९ च्या एका हंगामात तिथे आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या वाहिनीवर मिळून ४० नवे चित्रपट दाखवले गेले. यांतले बहुतेक चित्रपट सुमारे १५ दिवसांत चित्रित होतात, पुष्कळदा कॅनडात, कारण तिथे निर्मितीखर्चावर करसवलत मिळते, आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात. जाहिरातींच्या सोयीसाठी पटकथा नऊ तुकड्यांत बांधलेली असते. दर दहा-बारा मिनिटांनी एखादा प्रश्न अर्धवट सोडला जातो तो यामुळे, आणि तोच चित्रपट ओटीटीवर जाहिरातींविना पाहताना त्या जागी जो उगाचच ठेचकाळल्याचा भास होतो तोही यामुळेच. पंधरा दिवसांचे वेळापत्रक असले की दिवसाला पटकथेची सहा-सात पाने उरकावी लागतात. एका दृश्याचे चार कोनांतून चित्रण करायला सवड नसते, प्रकाशयोजना सपाट ठेवावी लागते आणि नटाला तालीम मिळत नाही. परीक्षकाला हे ठाऊक असले पाहिजे. ठाऊक असले म्हणजे काय क्षम्य आहे आणि काय नाही ते वेगळे करता येते. सपाट प्रकाश मी क्षम्य मानतो. परंतु मुलीने सात वर्षांनी वडिलांच्या घराचे दार उघडल्यावर दोघांनी एकमेकांना कथानकाची माहिती सांगत बसावे, हे क्षम्य नाही, कारण ते वाक्य खोडून दुसरे लिहायला निर्मात्याला एक पैही जास्त लागत नाही.

आपल्याकडेही परीक्षणाचा आणि पैशाचा संबंध अगदी थेट आहे. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीच्या शासकीय अर्थसाहाय्य योजनेत परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते आणि ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये अशी रचना अनेक वर्षे राहिली आहे. छोट्या निर्मात्याच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे पुढचा चित्रपट होणे किंवा न होणे. म्हणून समितीतल्या माणसाने सफाईला किती गुण द्यावेत आणि जिव्हाळ्याला किती, हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. १९५३ चा ‘श्यामची आई’ आजच्या झगमगाटापुढे साधासुधा दिसेल, पण राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. कौटुंबिक चित्रपट म्हणजे काय, हे मराठी प्रेक्षकाने त्याच्याकडूनच शिकून घेतले.

कोल्हापूरचा नाताळही नवा नाही. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले आणि त्यांचे नाव आजही इथल्या वायल्डर मेमोरियल चर्चला आहे. इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात, दाराशी चांदणी लागते आणि उपासना मराठीतून चालते. बाहेर गावोगावी गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि पहाटेच्या थंडीत काकवीचा वास येतो. अशा ठिकाणच्या बहुतेक प्रेक्षकांनी बर्फ प्रत्यक्ष पाहिलेला नसतो, त्यामुळे कॅनडातल्या जुलै महिन्यात पसरलेला कापूस किंवा फेस त्यांच्या डोळ्यांना खुपत नाही. आई खोटे रडली की ते मात्र ताबडतोब कळते आणि शेजारी बसलेली आजी तसे बोलूनही दाखवते. अशा चित्रपटाच्या परीक्षणात मी त्या आजीच्या कानाला तंत्रज्ञाच्या डोळ्याइतकेच मोल देतो.

नाताळला लूकच्या शुभवर्तमानाचा जो दुसरा अध्याय वाचतात, त्यात बर्फ नाही, घसरगाडी नाही, रोषणाईही नाही. उतारशाळेत जागा न मिळालेले जोडपे आहे, गव्हाणीत ठेवलेले बाळ आहे आणि रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. करवीर तालुक्यातला कोणताही गोठा, एक कंदील, घोंगडी पांघरलेले दोन धनगर आणि डिसेंबरातली पहाटेची चार वाजताची वेळ एवढ्यावर तो प्रसंग चित्रित होऊ शकतो. त्याचे परीक्षण करणाऱ्याला मग पाहावे लागेल ते इतकेच, की कंदील कुठे ठेवला आहे आणि बाळाकडे पाहताना त्या आईचा चेहरा दिग्दर्शकाने किती वेळ निवांत राहू दिला आहे.