यार्डातनं पार्ट आणायला निघालात? आधी हे वाचा
(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी, फ्रीमाँट आणि आसपास)

नमस्कार मंडळी,

सोमवार उजाडला की कोणीतरी डिकीतनं पेपरात गुंडाळलेला तेलकट पार्ट काढून आमच्या टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, दादा एवढा बसवून द्या, भंगार गाड्यांच्या यार्डात स्वस्तात मिळाला. कधी तो बसतो. कधी बसत नाही, मग यार्ड रोख परत देत नाही, शनिवार वाया गेलेला असतो आणि वाईटपणा आमच्याकडे येतो. म्हणून हे लिहून काढलंय, वाचा आणि गाडीत ठेवा. यार्डात जाऊ नका असं आमचं म्हणणं अजिबात नाही, आम्ही स्वतःसुद्धा जातो. कशासाठी जायचं आणि कशासाठी नाही एवढंच सांगायचंय.

ज्यांना भंगार बाजार म्हटलं की कुर्ल्याचा सीएसटी रोड आठवतो त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. तिथे दुकानदार पार्ट आतनं काढून आणतो, तुम्ही घासाघीस करता, चहा होतो, सौदा होतो. इथे कॅलिफोर्नियात पिक-एन-पुल किंवा एलकेक्यूचं पिक युवर पार्ट अशा सेल्फ सर्व्हिस यार्डांच्या चेन आहेत, तिथे कोणी काही काढून देत नाही. गेटवर दोन-चार डॉलर प्रवेश फी भरायची, टूलबॉक्स उघडून दाखवायचा, आणि मग उन्हात रांगा करून उभ्या केलेल्या शेकडो गाड्यांमधून आपली गाडी शोधून आपणच पार्ट खोलायचा. भाव भिंतीवरच्या लिस्टप्रमाणे. साधारणपणे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) म्हणजे अल्टरनेटर, मग तो जुन्या कोरोलाचा असो नाहीतर लेक्ससचा, पैसे तेच. घासाघीस नाही.

वेबसाईटवर गाडी दिसते, पण पार्ट असेलच असं नाही

सगळ्यात जास्त चिडचिड इथे होते. यार्डाच्या साईटवर किंवा रो५२ सारख्या, यार्डातल्या गाड्या शोधायच्या साईटवर टाकलं की २००८ ची सिव्हिक अमुक रांगेत आहे, तारीख पण दिसते, आपण खुश होऊन निघतो. पण ती यादी फक्त गाडी आत आल्याची असते. गाडीवर काय उरलंय हे कुणीच लिहीत नाही. आलेल्या दिवसापासून लोक तिच्यावर तुटून पडलेले असतात, आणि काही आठवड्यांनी ती उचलून दाबायला जाते. त्यामुळे गाडी येऊन चार-पाच दिवस झाले असतील तर जाण्यात अर्थ आहे, महिना झाला असेल तर पेट्रोल वाया घालवू नका.

आता खरी गोम ऐका, हे कोणी सांगत नाही. तुमच्या गाडीचा जो पार्ट गेलाय तो त्या मॉडेलमधे सगळ्यांचाच जात असतो. २००६ ते २००८ च्या सिव्हिकचे इंजिन ब्लॉक तडकायचे, होंडाने त्यासाठी वॉरंटी वाढवून दिली होती. १९९९ ते २००४ च्या ओडिसीचा गिअरबॉक्स, निसानच्या २००७ पासूनच्या अल्टिमा आणि सेंट्राचा सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २००७ ते २००९ च्या चार सिलेंडरच्या कॅमरीचं ऑईल पिणं, हे आपल्या लोकांच्या घरोघरी झालेलं आहे. मग ती गाडी यार्डात का आली असेल? अॅक्सिडेंट झालेला नसेल, बॉडी चकाचक असेल, तर बहुतेक ज्या कारणाने तुमची बंद पडली त्याच कारणाने तीही पडली. तिचा गिअरबॉक्स आणून तुमच्या गाडीत घालणं म्हणजे आजारी माणसाचं रक्त आजारी माणसाला चढवणं. इंजिन किंवा गिअरबॉक्स हवाच असेल तर पुढून किंवा मागून ठोकलेली गाडी शोधा, म्हणजे निदान ठोकेपर्यंत ती चालत होती एवढं तरी कळतं. आणि त्याहून बरं, फुल सर्व्हिस यार्डातनं घ्या, तिथे ते काढून देतात, मायलेज सांगतात आणि थोडीफार वॉरंटी देतात. महाग पडतं, पण ते काम वीकेंडचं नाही.

छोट्या गोष्टींचंही तेच. जुन्या सिएनाचं मागच्या दाराचं हँडल तुटतं, त्या सिव्हिकचे सन व्हायजर फाटतात. यार्डात गेलात की ओळीने चार सिएना आणि चारींची हँडलं गायब, नाहीतर तुटलेली. असल्या गोष्टी नवीनच घ्या, ऑनलाईन कमी पैशात मिळतात.

हत्यारं काय न्यायची

टोयोटा होंडाला ८, १०, १२, १४, १७, १९ चे सॉकेट, एक्स्टेंशन, रॅचेट, लांब दांड्याचा ब्रेकर बार, पक्कड, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या क्लिपा काढायचं हत्यार. १० चे दोन न्या, एक हरवतोच. बीएमडब्ल्यू, ऑडी, फोक्सवॅगन असेल तर टॉर्क्स आणि ट्रिपल स्क्वेअर (चांदणीच्या आकाराचे बिट) लागणारच, त्याशिवाय जाल तर हात हलवत परत याल. गंजलेल्या बोल्टवर मारायला स्प्रे, जाड हातमोजे, पूर्ण बंद बूट. चप्पल घालून आत सोडत नाहीत. लहान पोरांनाही सोडत नाहीत, वयाची अट गेटवर लिहिलेली असते, त्यामुळे चिरंजीवांना गंमत दाखवायला नेऊ नका, बाहेर गाडीत बसून राहावं लागेल.

जॅक, ग्राइंडर, गॅस कटर नेता येत नाही. गाड्या वेल्डिंग केलेल्या रिमांवर उभ्या असतात, कधी तिरक्या असतात, खाली घुसायच्या आधी हलवून बघा आणि शंका आली तर सोडून द्या. एक अल्टरनेटर जिवापेक्षा मोठा नाही.

अजून एक. आत येण्याआधी गाडीतलं पेट्रोल, ऑईल, कूलंट काढून घेतलेलं असतं आणि बॅटरीही बहुतेक वेळा काढलेली असते. आता पॉवर सीट खोलायचीये, बोल्ट सीटच्या खाली पुढे-मागे असतात, सीट नेमकी बोल्टवर येऊन बसलीये आणि करंट नाही म्हणून ती सरकत नाही! तासभर शिव्या देत बसतात लोक. छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी बरोबर असतील (गेटवर विचारून न्या) तर सीट पण सरकते आणि काचेची मोटर चालते का तेही जागेवर कळतं. मल्टिमीटर असेल तर तोही ठेवा.

दिसायला सेम, बसायला वेगळा

आमच्याकडे परत जाणाऱ्या पार्टांमधे सगळ्यात जास्त हे असतात. आरसा घ्या. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलला साधा, गरम होणारा, ब्लाइंड स्पॉटवाला असे तीन-चार प्रकार असतात, बाहेरनं सगळे सारखे. आपला आरसा खोलून कनेक्टरच्या पिना मोजा, फोटो काढा, मगच निघा. टेल लाईटचंही तसंच, २००७ ते २०११ च्या कॅमरीला जपानमधे बनलेल्या गाडीचे वेगळे आणि अमेरिकेत बनलेल्या गाडीचे वेगळे. कुठे बनली ते व्हिन नंबरच्या (गाडीचा सतरा अक्षरी ओळख नंबर) पहिल्या अक्षरावरून कळतं, इंग्रजी J असेल तर जपान, १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर बनल्याचा महिना आणि रंगाचा कोड मिळतो, रंगाचा कोड जुळला तर दार किंवा बंपर न रंगवता चालून जातं. निदान लांबून तरी.

आणि हो, ड्रायव्हर साईड. आपल्या डोक्यात अजून ड्रायव्हर उजवीकडेच बसतो! इथे डावीकडे. फोनवर "ड्रायव्हर साईडचा हवा" ठरतं आणि टेबलावर उजवा येतो, हे आम्ही इतक्यांदा बघितलंय की आता आम्ही फक्त डावा-उजवा म्हणतो, सीटवर बसून पुढे बघताना जो डावा तो डावा.

कुठल्या वर्षांचा पार्ट कुठल्या वर्षांना चालतो यासाठी हॉलंडर इंटरचेंज नावाची पद्धत धंद्यात फार जुनी आहे. तिच्यावरून कधी कधी कळतं की तुमच्या कॅमरीला लेक्सस ईएसचा एखादा पार्ट बसतो, आणि यार्डात लेक्ससकडे कोणी बघत नसतं. आम्हाला विचारा, आम्ही बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

हे आणू नका, आम्ही बसवणार नाही

एअरबॅग, सीटबेल्ट. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या (यालाच रिकॉल म्हणतात), त्यातली एखादी यार्डातल्या गाडीत अजून बसलेली असू शकते आणि ती फुटली तर धातूचे तुकडे अंगावर येतात. पिवळा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा, हात लावू नका. पुढच्या सीटांमधेही बाजूची एअरबॅग असते हे लोक विसरतात, त्यामुळे पुढची सीट खोलायच्या आधी आम्हाला फोन करा. तुमच्या स्वतःच्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याच्या साईटवर व्हिन नंबर टाकून फुकट बघता येतं, आणि रिकॉलचं काम डीलर फुकट करतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा, थोडक्यात कॅट) यार्डात मिळणारच नाही, आधीच काढलेला असतो. बाहेर कोणी जुना स्वस्तात देतो म्हणालं तरी घेऊ नका, कॅलिफोर्नियात वापरलेला कॅट बसवणं बेकायदेशीर आहे आणि स्मॉग चेकला (गाडीच्या धुराची सरकारी तपासणी) अडकाल ते वेगळंच.

ब्रेक पॅड, बेल्ट, वॉटर पंप, जुने शॉक अॅब्सॉर्बर, फ्युएल पंप. झिजणाऱ्या वस्तू जुन्या घेऊन काय मिळवणार? टायर घेतलाच तर बाजूवरचा शेवटचा चार अंकी नंबर वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा आम्ही चढवत नाही.

इंजिन कॉम्प्युटर, चावीचं इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक), एबीएस मॉड्यूल. हे मूळ गाडीशी बांधलेले असतात, दुसऱ्या गाडीत घातले तरी कोडिंग करावं लागतं, काही होतं, काही होत नाही. जुन्या होंडाचा रेडिओसुद्धा कोड मागत बसतो.

हे बिनधास्त आणा

दाराची हँडलं, काचेचे स्विच, साधे आरसे, टेल लाईट, काचा, मागच्या सीटा, अलॉय व्हील, व्हील कॅप, डिकीचं झाकण, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि त्या क्लिपा. क्लिपा तर मूठभर आणा, दुकानात एकेकीचे भलते पैसे घेतात. हेडलाईट मात्र इथल्या उन्हाने पिवळे पडलेले असतात, नीट बघून घ्या. वायरिंगचा कनेक्टर हवा असेल तर हातभर वायर ठेवून कापा, अगदी तोंडाशी कापलेला कनेक्टर आम्ही जोडणार कशाला?

पैशाचं गणित

लिस्टवरचा भाव हा शेवटचा भाव नसतो. त्यावर कोअर चार्ज म्हणजे जुना पार्ट परत आणून दिलात तर मिळणारी अनामत, काही ठिकाणी पर्यावरण फी, वर नऊ टक्क्यांच्या पुढे सेल्स टॅक्स. वॉरंटी बहुतेक वेळा वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते आणि पार्ट नाही चालला तर रोख मिळत नाही, क्रेडिट किंवा बदलून. पावती जपून ठेवा, पार्टवर त्यांनी केलेली खूण पुसू नका. दार घेत असाल तर आरसा, मोटर, काच यांचे वेगळे लावतात का ते आधीच विचारा. लाँग वीकेंडला बऱ्याच यार्डांत अर्ध्या किमतीचा सेल असतो, पण त्या दिवशी सकाळी गेट उघडायच्या आधी रांग असते.

समजा यार्डातला अल्टरनेटर सगळं धरून ६० डॉलर पडला आणि दुकानातला रीबिल्ट (दुरुस्त करून नव्यासारखा केलेला) २२० डॉलर, वॉरंटीसकट. बसवायची मजुरी समजा १५०. यार्डवाला चालला तर १६० वाचले. दोन महिन्यांनी बंद पडला तर पुन्हा तीच मजुरी आणि शिवाय टो, म्हणजे वाचलेले गेले. म्हणून आमचं साधं आहे, ज्याला पोचायला अर्धं इंजिन खोलावं लागतं तो पार्ट जुना घेऊ नका. दोन स्क्रूवर बसतो तो खुशाल घ्या.

आम्ही काय करतो

तुम्ही आणलेला पार्ट आम्ही बसवतो, आधी लेखी एस्टिमेट देतो, बिलावर पार्ट वापरलेला आहे असं स्पष्ट लिहितो, कायद्यानेही ते लिहावंच लागतं. मजुरी नेहमीचीच. पार्ट बसला नाही किंवा खराब निघाला तर खोलाखोल केलेल्या वेळाचे पैसे लागतील, यावर काही काकांचा आमच्याशी वाद होतो पण मेकॅनिकचा वेळ तर गेलेलाच असतो ना. तुमच्या पार्टावर आमची वॉरंटी नाही, आमच्या कामावर आहे. काढलेला जुना पार्ट हवा असेल तर काम सुरू व्हायच्या आधी सांगा, कोअरसाठी लागतोच.

यार्डात उभे असाल आणि शंका आली तर पार्ट खोलायच्या आधी तीन फोटो व्हॉट्सअपवर टाका, पूर्ण पार्ट, कनेक्टर, आणि त्या गाडीच्या दारावरचा स्टिकर. रविवारी गॅरेज बंद असतं पण मेसेज बघतो. दुपारी दोन ते चार उत्तर नाही आलं तर जेवून झोपलोय असं समजा, आणि तोवर निदान बोल्टवर स्प्रे मारून ठेवा.