संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ: अर्ज कुठे अडतो आणि आधी कोणते कागद नीट करायचे

तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेच्या खिडकीपाशी अर्धा दिवस उभं राहिलं की एक शब्द सारखा कानावर पडतो: ‘त्रुटी’. अर्ज फेटाळला असं तिथे सहसा कोणी म्हणत नाही, ‘त्रुटीत निघाला’ म्हणतात. म्हातारी विचारते, “म्हंजी मंजूर झाला का?” तोवर खिडकीमागून पुढच्याला हाक गेलेली असते.

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांचे हे अर्ज भरून देतो. खरोखर अपात्र म्हणून परत आलेले अर्ज त्यात थोडे. बाकीचे परत आले ते कागदांचा एकमेकांशी मेळ बसला नाही म्हणून. आधारवर एक वय, मतदारयादीत दुसरं. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक, रेशनकार्डावर वेगळंच. त्यामुळे फॉर्म कसा भरायचा हे थोडक्यात उरकतो आणि गाडी कुठे रुतते ते नीट सांगतो.

आधी योजना कोणती ते. संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्य सरकारची, 1980 पासूनची आहे. 65 वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या बायका, 35 वर्षांवरच्या अविवाहित स्त्रिया, अनाथ मुलं, तृतीयपंथी, किमान 40 टक्के अपंगत्व असलेले दिव्यांग, क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे कमावता न येणारे, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची कुटुंबं असे बरेच गट तिच्यात येतात. 65 पूर्ण झाली की श्रावणबाळ. दोन्हींत जुलै 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळतात, त्याआधी 1,000 होते. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500. राज्यात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी निवृत्तीवेतन योजनांतून काही वाटा येतो (वृद्धांना 200, वयाच्या 80 नंतर 500, विधवांना 300) आणि उरलेले राज्य भरतं. पासबुकात 1,500 ऐवजी दोन वेगवेगळ्या रकमा दिसल्या तर कोणी पैसे कापले म्हणून भांडायला जाऊ नका. बेरीज करून बघा.

आता पहिला खड्डा: उत्पन्नाचा दाखला.

कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. दिव्यांगांसाठी 50,000. 21,000 म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. खुरपायला गेलेल्या बाईला एका दिवसाची मजुरी याच्या कितीतरी पट मिळते, हे तालुक्यात प्रत्येकाला माहीत आहे. दाखला देणाऱ्यालाही आहे. लाडकी बहीण योजनेत तेच 1,500 रुपये मिळतात आणि तिथे मर्यादा अडीच लाख. ज्या विधवेकडे काहीच नाही तिने 21,000 सिद्ध करत फिरायचं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. पण आज नियम हा आहे, आणि दाखला त्याच आकड्याच्या आतला लागतो.

होतं काय, की सेतूत गेल्यावर माणूस फक्त “उत्पन्नाचा दाखला पाहिजे” एवढंच सांगतो. तलाठ्याच्या (आता पदाचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’, पण गावात तलाठीच) अहवालात सवयीने 36,000 किंवा 40,000 पडतात. नातवाच्या शिष्यवृत्तीला तो दाखला उत्तम, निराधारला निरुपयोगी. म्हणून तलाठ्यासमोरच सांगा, दाखला कशासाठी हवा ते. हाताला वर्षात किती दिवस काम मिळतं, जमीन आहे का, असली तर कोरडवाहू की बागायती, हे खरंखरं सांगा आणि अहवालात तसंच आलंय का ते बघा. एकाच वर्षात एकाच घराचे दोन दाखले, एक 20,000 चा आणि एक 60,000 चा, काढू नका. दोन्ही ऑनलाइन असतात आणि दोन्ही दिसतात.

दुसरं, मुदत. एका वर्षाच्या दाखल्यावर 31 मार्चपर्यंत वैध असं छापलेलं असतं. लोक वाचतात ‘एक वर्ष’ आणि समजतात काढल्या दिवसापासून वर्ष. फेब्रुवारीत काढलेला दाखला महिना-दीड महिन्यात मरतो, अर्ज टेबलावर पोचेपर्यंत तो जुना झालेला असतो, की झाली त्रुटी. जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज करायचा असेल तर बाकीचे सगळे कागद आधी तयार ठेवा, हा सगळ्यात शेवटी काढा. नाहीतर सरळ एप्रिलात काढा.

रेशनकार्ड मुलाबरोबर एकत्र असेल आणि मुलगा कमावता असेल तर त्याचं उत्पन्नही विचारात येतं. मुलगा खरंच वेगळा राहत असेल तर रेशनकार्ड आधी विभक्त करून घ्या. अर्जापुरतं कागदावर वेगळं व्हायचं आणि चूल एकच, असं केलेलं चौकशीत दोन मिनिटांत उघडं पडतं. शेजारीच सांगतात.

वय. श्रावणबाळचे निम्मे अर्ज इथे अडतात. गावात जुन्या माणसांच्या आधारवर 1 जानेवारी ही जन्मतारीख इतकी आढळते की वाटावं अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली. नोंदणी करणाऱ्या पोराने अंदाजे वय विचारलं, आजीने अंदाजे सांगितलं, झालं. आता मतदारयादीत वय 68 आणि आधारवर 61 असेल तर तहसील आधार धरून बसतं. आधार हा काही जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये म्हटलंय, पण ते खिडकीवर सांगून उपयोग होत नाही, मी सांगून पाहिलंय. उपाय एकच, आधारवरची तारीख दुरुस्त करून घेणं. ती साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा हातात पक्का कागद असल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका.

पक्का कागद कुठून आणायचा? “आम्ही कुठं शाळेत गेलो” असं सगळेच म्हणतात. जरा खोदून विचारलं की कळतं, पहिलीत नाव घातलं होतं, चार महिने गेली होती. चार महिने पुरेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर जपलेलं असतं, त्यात नाव सापडलं की मुख्याध्यापक उतारा देतात. बायकांचं नाव अर्थातच माहेरच्या गावच्या शाळेत आणि माहेरच्या आडनावाने असतं, तिथे शोधा. एका आजींचं नाव आम्हाला 1964 च्या पानावर सापडलं, शाईने लिहिलेलं, शेरा ‘सतत गैरहजर’. त्या शेऱ्यावर त्यांची पेन्शन उभी राहिली. नाव कुठेच नसेल तर ग्रामीण किंवा शासकीय रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. खासगी डॉक्टरचा चालत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

विधवांसाठी खरा कस लागतो तो नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर. मृत्यूची नोंद माणूस जिथे मेला तिथे होते, जिथला रहिवासी होता तिथे नाही. ही एक गोष्ट कळत नसल्यामुळे बायका वर्षानुवर्षं आपल्याच ग्रामपंचायतीत खेटे घालतात. आमच्याकडची एक ऊसतोड कामगार बाई, नवरा कारखान्यावर असताना गेला, तिकडे कोल्हापूरच्या बाजूला. माती गावी आणून दिली. गावात सगळ्यांनी पाहिलं, दहावं झालं, तेरावं झालं, आणि नोंद कुठेच नाही. इथला ग्रामसेवक म्हणतो तिकडे जा, तिकडचा म्हणतो प्रेत तर इथून नेलं, पुरावा काय? 21 दिवसांत नोंद झाली तर काहीच कटकट नसते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर हे काम न्यायालयाऐवजी महसुली दंडाधिकाऱ्यांकडे आलं आहे, पण पुरावे लागतातच: दवाखान्याचे कागद, पोलीस पंचनामा असेल तर तो, मुकादमाचा, शेजाऱ्यांचा जबाब. त्या बाईला दाखला मिळायला पावणेदोन वर्षं लागली. घरात कोणी गेलं की रडारडीतही एका जाणत्या माणसाने 21 दिवसांच्या आत ही नोंद करून घ्यावी. आणि दाखला हातात आल्यावर तिथल्या तिथे नाव वाचा. ‘ज्ञानोबा’चं ‘ज्ञानेश्वर’ झालेलं असलं तर त्याच आठवड्यात सहज दुरुस्त होतं, पाच वर्षांनी फार जड जातं.

परित्यक्तांचं दुखणं वेगळं. नवरा जिवंत आहे, सोडून गेलाय, आणि कागद कोणताच नाही. कोर्टाचा निकाल असेल तर उत्तमच. नसेल तर तलाठी आणि ग्रामसेवकांचा दाखला लागतो. अडतं ते इथे की रेशनकार्डावर, आधारवर तिचं नाव अजून नवऱ्याच्या घरचंच असतं. आधी माहेरच्या किंवा स्वतःच्या पत्त्यावर आधार आणा, रेशनकार्डावरून नाव कमी करून घ्या, मग दाखला मागा. ग्रामसेवकाला “नवरा नांदवत नाही” असं तोंडी सांगून दाखला मिळत नाही. पोलीस ठाण्यातली एखादी जुनी तक्रार, महिला समुपदेशन केंद्रातली नोंद असं काहीही असेल तर जोडा.

दिव्यांगांनी जुन्या कागदी प्रमाणपत्रावर विसंबू नये, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र) काढावं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते, ती बघा. जी बाई विधवा म्हणून आधीच लाभ घेतेय आणि दिव्यांगही आहे, तिने यूडीआयडी कार्ड तहसीलच्या संजय गांधी शाखेत नेऊन नोंद करून घ्यावी. नोंद नसेल तर वाढीव 2,500 आपोआप येत नाहीत.

फॉर्म आपले सरकार पोर्टलवरून, सेतू केंद्रातून किंवा तहसीलच्या शाखेत भरता येतो. फोटो, आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, वरचे कागद. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, पाचशेचा बॉण्ड घ्या म्हणणाऱ्याला कुठे लिहिलंय ते विचारा. पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

बँकेकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. आता पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, येतात. तेही खाते क्रमांक बघून नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात. “आधार लिंक आहे” असं बँकेतला माणूस सांगतो तेव्हा दोनपैकी काहीही असू शकतं: केवायसीपुरता आधार घेतलेला असणं वेगळं, आणि एनपीसीआयकडे (बँकांमधले असे व्यवहार चालवणारी संस्था) डीबीटीसाठी खातं जोडलेलं असणं वेगळं. दुसरं हवं. त्यासाठी बँकेत वेगळा फॉर्म भरायचा असतो, तो मागून घ्या. सगळ्यात शेवटी ज्या बँकेत हे जोडलं असेल तिकडे पैसे जातात. एका आजीचे सात महिन्यांचे पैसे कुठे जातात ते कळेना. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून पाहिलं, तर भलत्याच बँकेचं नाव. सिमकार्ड घेताना विकणाऱ्याने अंगठा लावून खातं उघडलं होतं. पैसे सुखरूप होते, आजींना मात्र दुसऱ्यांदा निराधार झाल्यासारखं वाटलं असणार. अर्ज करण्यापूर्वी हे एकदा तपासा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं. नवऱ्याबरोबरचं जुनं जोडखातं असेल तर ते देऊ नका, बाईचं एकटीचं हवं.

अर्ज तालुका समितीपुढे जातो. तिच्या बैठका दर महिन्याला होतीलच असं नाही, आचारसंहितेत तर लांबतातच. पैसे मंजुरीनंतर सुरू होतात, अर्जाच्या तारखेपासूनची थकबाकी मिळत नाही. म्हणजे दर बैठक चुकणं हे दीड हजाराचं नुकसान आहे, आणि हे कार्यालयातल्या कोणाच्याही पगारातून जात नाही. नामंजुरी आली तर कारण लेखी मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बहुतेकदा उत्तराआधी फाइलच हलते. ‘पहिले दोन हप्ते माझे’ म्हणणारा एजंट आवारात असतोच. समितीत त्याची ओळख असेलही, पण त्रुटी त्याच्याने निघत नाही.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. नोटीस तहसीलच्या फलकावर लागते, घरी कोणी सांगायला येत नाही. अंगठा उमटत नसेल (भांडी घासून, दगड फोडून रेषाच उरत नाहीत) तर चेहऱ्याने किंवा डोळ्यांनी पडताळणी करायला सांगा. आणि मंजुरीनंतर पासबुक भरून बघा, मोबाइलवरच्या मेसेजची वाट बघत बसू नका. नंबर बहुतेकदा नातवाचा दिलेला असतो, आणि नातू पुण्याला असतो.